रबराचे तीन वेढे

आई,

तीन वर्षांपूर्वी मी इथे स्टुटगार्टमध्ये घर घेतलं. घर म्हणजे फ्लॅटच, आठ बिऱ्हाडांच्या एका जुन्या इमारतीतला, दुसऱ्या मजल्यावरचा. रस्ता इतका चढाचा आहे की सामान घेऊन वर येईपर्यंत मला तुझी आठवण होतेच. बाजारातून आलीस की पिशव्या दारातच टेकवून तू आधी पाणी मागायचीस. तुला जाऊन बावीस वर्षं झाली, त्यामुळे यातलं काहीच तुला सांगता आलं नाही. तू असतीस तर खोल्या किती आणि ऊन कुठून येतं हे तू नंतर विचारलं असतंस. आधी विचारलं असतंस, "सोसायटीचा हिशोब कोण बघतं? आणि खातं कोणाच्या नावावर आहे?"

म्हणून आधी तेच सांगतो. इथे तिला सोसायटी म्हणत नाहीत, पण प्रकार तोच. दर एक तारखेला माझ्या खात्यातून तीनशे नव्वद युरो जातात. बँकेचा हप्ता वेगळा आणि हे वेगळं. याला हाउसगेल्ड म्हणतात. ते सगळ्या मालकांच्या सामाईक खात्यात जमा होतं, आणि त्यातून फरवाल्टर नावाचा नेमलेला माणूस आमच्या वतीने इमारतीचा विमा, पाणी, कचरा, जिना पुसणाऱ्या बाईंचे पैसे, थंडीत घरं गरम ठेवायचा खर्च असं सगळं भागवतो. किती लागेल याचा अंदाज मागच्या वर्षावरून बांधायचा, त्याचे बारा भाग करायचे, आणि वर्ष संपलं की खरा खर्च मांडायचा. जास्त भरले असतील तर परत मिळतात, कमी पडले तर आणखी भरायचे. शिवाय दर महिन्याला त्यातले थोडे बाजूला पडतात, उद्या छप्पर गेलं किंवा नळ सडले तर हाताशी असावेत म्हणून. त्याला र्‍यूकलागे म्हणतात. तू ज्याला सिंकिंग फंड म्हणायचीस तोच. एवढं समजायला मला तीन वर्षं लागली, आणि तुला चहा गाळेपर्यंत समजलं असतं. खातं फरवाल्टरच्या नावावर नाही, आमच्या सगळ्यांच्या मिळून नावावर आहे. ते मी पहिल्याच महिन्यात बघून घेतलं होतं.

खरेदीच्या दिवशी नोटरीने सगळा करारनामा आमच्यापुढे मोठ्याने वाचला, कथा सांगायला आलेले गुरुजी पुढच्या घरची वेळ झाली की वाचतात तसा, घाईघाईने. मी मध्येच थांबवून विचारलं, की आधीच्या मालकाने अठरा वर्षं या र्‍यूकलागेत पैसे भरले, ते तो घेऊन जाणार का? नोटरी म्हणाला, नाही, ते घराबरोबर राहतात. मग उद्या मी घर विकलं तर? तेव्हाही घराबरोबरच राहणार. बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला, पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. माझे पैसे, मी भरायचे, मला काढता येणार नाहीत, खर्च तिसराच कोणी करणार. माझा स्वभाव तुला माहीत आहे, तूच तर तो पहिल्यांदा पकडलास. मी दहा वर्षांचा असेन. वाण्याकडून साखर आणली आणि तू आंघोळीला गेली आहेस बघून मी ती घरच्या ताजव्यात पुन्हा तोलली. तू ओल्या केसांनी बाहेर आलीस आणि बघत उभी राहिलीस. म्हणालीस, "संशय आला तर दुकानात बोलायचं. घरी येऊन चोरून तोलायचं नाही." मला वाटलं तू वाण्याची बाजू घेते आहेस.

इथे माझ्या संशयाला एक माणूसही मिळालं. तळमजल्यावर एक बाई राहतात, ऐंशीच्या घरातल्या, एकट्या, हिशोबनीस म्हणून कुठल्याशा कारखान्यातून निवृत्त झालेल्या. या बाई आमच्या बायराट आहेत, म्हणजे मालकांनी आपल्यातून निवडलेल्या, फरवाल्टरची बिलं तपासणाऱ्या. एकोणीस वर्षं त्या हे करत आल्या, एक पैसा न घेता. बाकीच्यांना ते फार सोयीचं होतं. मला मात्र ते फुकट असणंच खुपायचं. एकोणीस वर्षं कोणी उगीच दुसऱ्यांची बिलं तपासतं का? त्यातून त्यांनी पहिल्याच आठवड्यात आमची प्लास्टिकच्या कचऱ्याची पिवळी पिशवी परत आणून दिली होती, त्यात कागद होता म्हणून, आणि तो राग माझ्या पोटात होताच.

पहिल्या वर्षीची गोष्ट. एकतीस डिसेंबरची दुपार, मी केलरमधून, म्हणजे तळघरातून, सायकल काढायला चाललो होतो. बाई खालून वर येत होत्या. एका हातात विजेरी, काखेत कापडात गुंडाळलेली लांब काठी, दुसऱ्या हातात एक वही. मला बघताच त्यांनी वही मिटली, "गुटन टाग" म्हणाल्या आणि आपल्या घरात गेल्या. केलरमध्ये एक लोखंडी दार आहे, त्याला नेहमी कुलूप असतं. माझी सायकल मी त्याच दाराला टेकवून ठेवतो. ते नुकतंच उघडून बंद केलेलं दिसत होतं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी ऐंशी वर्षांच्या बाईचं तळघरात काय काम? मी कोणाला काही बोललो नाही. मनात नोंद करून ठेवली, तीही तारखेसकट.

दोन वर्षांनी, जून महिन्यात, वर्षाच्या हिशोबाचं जाड पाकीट आलं. आम्हाला सहाशे युरो आणखी भरायचे होते आणि हाउसगेल्डही वाढलं होतं. मी रविवारी सकाळी जेवणाचं टेबल मोकळं करून बसलो. एका कागदावर खात्यातून गेलेली सगळी रक्कम होती: त्यात हीटिंगचं तेल विकत घेतलं ते चौदा हजार तीनशेचं. दुसऱ्या कागदावर हीटिंगचा खर्च प्रत्येक घरावर वाटला होता, तिथे तेलाचे फक्त दहा हजार शंभर. मधले चार हजार दोनशे कोणाच्याच वाट्याला नव्हते. मी तीनदा बेरीज केली. चार हजार दोनशे. आणि खाली तपासणीची सही कोणाची, तर तळमजल्यावरच्या बाईंची.

बायको म्हणाली, "अरे, मग खाली जाऊन विचार ना त्यांना. दोन जिने तर उतरायचे."

"विचारलं की सावध होतात लोक," मी म्हणालो.

आमची लेक पंधरा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. फोनवरून डोळे न काढता ती म्हणाली, "इम केलर, पापा." तेल केलरमध्ये आहे म्हणून. मी तिला म्हटलं, मोठ्यांचं चाललं आहे, तू मध्ये बोलू नकोस. मग एश्बॉर्न गावात राहणाऱ्या एका मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "गेनाऊ! अगदी बरोबर, हेच चालतं इथे. तू तोंडी काही बोलू नकोस, सरळ मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचार." तो स्वतः भाड्याच्या घरात राहतो, त्याने उभ्या जन्मात अशी मीटिंग पाहिलेली नाही, पण माझ्या मनासारखं बोलला म्हणून मला तो त्या दिवशी फार शहाणा वाटला.

आणि आई, ही सगळी बेरीज मी कशावर करत होतो, तर तू दिलेल्या कॅल्क्युलेटरवर. सातचा आकडा पुसला गेला आहे, कव्हरची बिजागरी तुटली आहे, पण दिव्याखाली धरला की अजून चालतो. तो हातात घेतला की आपलं चिंचवडचं स्वयंपाकघर समोर येतंच. ओट्याच्या टोकाला, पिठाच्या डब्याशेजारी, सोसायटीचा पत्र्याचा डबा. चोवीस बिऱ्हाडं, आणि खजिनदार व्हायला एकही पुरुष तयार नाही. प्रत्येकाला ऑफिसात काम फार. तुला टेलिफोनच्या ऑफिसात आठ तास काम होतं, ते कोणी मोजलं नाही. रविवारी सकाळी तू पोळ्या उरकून, हात धुऊन, ओट्यापाशीच स्टूल घेऊन बसतेस. पावतीपुस्तक, कार्बन, खर्चाची बिलं एका पिनेत, आणि नोटांच्या गड्डीला रबर. रबराचे वेढे नेहमी तीन. आणि तुझा नियम एकच: बिल हातात आल्याशिवाय वहीत ओळ लिहायची नाही. बाबा फिरतीवरून आले की हसायचे, म्हणायचे, रिझर्व्ह बँक उघडली वाटतं. तूही हसायचीस, पण मोजणं थांबवायची नाहीस.

मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो त्या वर्षीची गच्चीवरची सभा. सतरंज्या टाकलेल्या, वेफर्सची ताटली फिरते आहे. दुसऱ्या मजल्यावरचे काका उठतात आणि अगदी गोड आवाजात म्हणतात, "वहिनी, राग मानू नका हं. पण पावत्यांवरून जेवढे जमले त्यातून वहीतला खर्च वजा केला, तर डब्यातली शिल्लक अठराशे रुपयांनी कमी येते. ते कुठे आहेत?"

तू म्हणालीस, "पाण्याची मोटर घेतली आहे. बिल यायचंय, आलं की लिहीन."

"मोटर?" काका सगळ्यांकडे बघून म्हणाले. "पण मोटर तर चालू आहे की! सकाळीच पाणी चढलं." गच्चीवर हशा पिकला. तू हसली नाहीस. म्हणालीस, "दुसरी घेतली आहे, ही जळली तर असावी म्हणून. दुकान बंद होत होतं, स्वस्तात मिळाली. जिन्याखाली ठेवली आहे, खाली उतरून बघा. आणि रविवारी घरी या, चहा घ्या, डबा तपासा." खाली उतरायला तीन मजले होते. कोणी उतरलं नाही. रविवारी कोणी चहालाही आलं नाही. तपासायचं कोणालाच नव्हतं, नुसतं बोलून ठेवायचं होतं.

मी त्या गच्चीवर कठड्याला टेकून उभा होतो. माझ्या खिशात नवा कोरा कॅल्क्युलेटर होता. आदल्याच आठवड्यात तू मला तो दिला होतास. सहाशे रुपयांचा, बाहेरच्या देशातून आलेला, वर्गात तिघांकडेच होता तसा. मी कधीचा मागत होतो आणि तू कधीची नाही म्हणत होतीस, आणि एक दिवस ऑफिसमधून येऊन तू तो पर्समधून काढून माझ्या वहीवर ठेवलास. पैसे कुठून आले हे मी विचारलं नव्हतं. सभेत काकांनी अठराशे म्हटलं आणि माझा हात आपोआप खिशात गेला. मी तेव्हाच वजाबाकी केली: अठराशेतून सहाशे गेले तर बाराशे, मग ते कुठे गेले असतील? आई, मी बाकीच्यांसारखा नुसता हसलो नाही. मी त्यांच्याही पुढे गेलो होतो.

जिन्याखाली गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड पडलेलं होतं, महिनाभर. माझी सायकल मी रोज त्यालाच टेकवत होतो. गोणपाटाची कड उचलून बघायला क्षणभरही लागला नसता. ते मी केलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवलं, तू ऑफिसला गेल्यावर ओट्यावरचा डबा काढला, रबर सोडलं, नोटा मोजल्या, पावत्यांशी ताडून बघितल्या. अठराशे कमी होते. म्हणजे तू जे सांगितलं होतंस तेवढेच कमी होते, एक रुपया इकडेतिकडे नाही. पण मला त्यात पुरावाच दिसला. रबर परत लावून डबा जागेवर ठेवला आणि वर नाकाने कांदे सोलत बसलो, की या घरात मी एकटाच काय तो सरळ आहे. संध्याकाळी तू डबा उघडलास. माझी पाठ तुझ्याकडे होती.  मग तू अगदी साध्या आवाजात विचारलंस, "मोजलेस का रे?"

"मी कशाला हात लावू?" मी म्हणालो.

"बरं," तू म्हणालीस. मी वळून बघितलं तेव्हा रबर तुझ्या बोटांत होतं. मी दोनच वेढे घातले होते.

आता इथली मीटिंग सांगतो. जुलैमध्ये, एका क्रीडामंडळाच्या उपाहारगृहातल्या मागच्या खोलीत. आठ मालकांपैकी सहा आलेले, समोर तरुण फरवाल्टर लॅपटॉप घेऊन, आणि कोपऱ्यात बाई, फाइली मांडीवर घेऊन. मी वाक्यं घरून पाठ करून गेलो होतो. उठलो आणि म्हणालो, "मी कोणावर आरोप करत नाही. मी फक्त विचारतो आहे." आवाज मला ओळखीचा वाटला, तो कोणाचा ते मात्र तेव्हा लक्षात आलं नाही. मग चार हजार दोनशेचा आकडा सांगितला, आणि सही कोणाची आहे तेही. फरवाल्टर गडबडला, लॅपटॉपमध्ये शोधू लागला, म्हणाला, एक पान जोडायचं राहिलं असावं. त्याने ते म्हटलं आणि माझी खात्रीच पटली. तिसऱ्या मजल्यावरचा माणूस, जो तीन वर्षांत मला नमस्काराशिवाय काही बोलला नव्हता, बाईंकडे वळून म्हणाला, "हे किती वर्षं असं चाललं आहे?" मग खोलीत सगळ्यांनीच बाईंकडे बघितलं. एकोणीस वर्षांत त्यांच्याकडे असं कोणी बघितलं नसेल. ते बघणं मी लावून दिलं होतं.

बाईंनी फाइलीवर हात ठेवला. म्हणाल्या, "आल्झो, तर मग शनिवारी दहा वाजता माझ्या स्वयंपाकघरात या. सगळे कागद तिथे आहेत. कॉफी मिळेल." आणि पुढे म्हणाल्या, "या वर्षानंतर मी बायराट राहणार नाही, हे लिहून घ्या."

त्या शनिवारी गेलो मी एकटाच. बाकीचं कोणी आलं नाही. जाताना तुझा कॅल्क्युलेटर खिशात घेतला होता, आणि खरं सांगतो, पकडायलाच गेलो होतो. स्वयंपाकघर लहान, ओटा चकचकीत, टेबलावर सफरचंदाचा केक, आणि बिलांचे गठ्ठे महिन्यांप्रमाणे लावलेले, प्रत्येकाला रबर. मी बसलो. बाईंनी तेलाचं बिल काढून दिलं, चौदा हजार तीनशेचं. बरोबर होतं. मग वही उघडून माझ्यापुढे सरकवली. तीच वही. एकोणीस वर्षांच्या एकोणीस ओळी, प्रत्येक ओळीत तारीख एकतीस डिसेंबर, सेंटिमीटर, लिटर. मला काही उमगेना. बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, किल्ली घेतली आणि म्हणाल्या, "चला खाली."

लोखंडी दारामागे टाकी होती, आई. अख्खी खोली भरून. नोव्हेंबरमध्ये टँकर येतो, मी ऑफिसात असतो, आणि वर्षभराचं तेल त्या टाकीत भरलं जातं. एकतीस डिसेंबरपर्यंत जेवढं जळलं तेवढ्याचाच खर्च त्या वर्षाच्या मालकांवर पडतो. उरलेलं पुढच्या वर्षाचं असतं, म्हणून ते मोजावं लागतं, काठी बुडवून. बाईंनी काठी दाखवली, तिच्यावर तेलाचा डाग होता. या खेपेला आदल्या वर्षीपेक्षा जास्त उरलं होतं, आणि ते जादा चार हजार दोनशे युरो त्या टाकीत होते. रोज त्याच दाराला मी सायकल टेकवत होतो. तेलाचा वास यायचा तो मला कोणाच्या तरी जुन्या गाडीचा वाटायचा, आणि मी म्हणे गाड्यांचे ब्रेक बनवणारा इंजिनिअर! आपल्याकडे सिलिंडर घरात आला की त्याचा खर्च पडला. वर्षाअखेरीला सिलिंडर हलवून उरलेला गॅस कोणी वहीत लिहीत नाही. पैसे गेले म्हणजे गेले, हेच माझ्या डोक्यात घट्ट बसलेलं. मधल्या काळात ते वस्तू होऊन कुठेतरी अंधारात पडून असू शकतात, हे मला सुचलंच नाही. खरं तर सुचायला हवं होतं. गोणपाटातली मोटर मी पुढे एकदा बघितली होती.

मी बाईंची माफी मागितली. जिन्यातच, हातात किल्ली असताना, मला येतील त्या सगळ्या जर्मन शब्दांत. म्हणालो, मीटिंगला आलेल्या सगळ्यांना लेखी कळवतो, तुम्ही राजीनामा मागे घ्या. बाई पायरीवर दम खायला थांबल्या होत्या. म्हणाल्या, "जा, जा, कळवा. पण मी राहणार नाही." मी म्हणालो, त्या तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाचं मनावर घेऊ नका. त्या म्हणाल्या, "त्याचं काय? मीटिंगमध्ये लोक ओरडतातच. पण तुम्ही दोनच मजले वर राहता. माझ्या पायऱ्यांवरून रोज जाता. तुम्ही मला इथे विजेरी घेऊन बघितलंत, दोन वर्षांपूर्वी. मला आठवतं. बेल का नाही वाजवली?"  मी वर आलो तेव्हा लेकीने दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, "हाब इश डोख गेझाग्ट." सांगितलं होतं ना. 

त्या दिवसापासून तू पुन्हापुन्हा आठवते आहेस. तुला आठवतं का, पुढच्या मे महिन्यात जुनी मोटर खरंच जळाली. भर उन्हाळा, टाक्या कोरड्या. तू इलेक्ट्रिशियनला घेऊन जिन्याखाली गेलीस, मी सायकल बाजूला केली आणि गोणपाट मीच ओढून काढलं. दोन तासांत पाणी चढलं. गच्चीवरून लोकांनी इलेक्ट्रिशियनला शाबासकी दिली. बिल तर कधीच येऊन वहीत लिहिलं गेलेलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनीसुद्धा पुढच्या सभेत म्हटलं, वहिनी, तुम्हीच राहा. तू राहिली नाहीस. बाबांनी कारण विचारलं तेव्हा तू पोळी लाटत म्हणालीस, "डबा आता घरात ठेवायला नको." मी पलीकडच्या खोलीत ते ऐकलं. एवढी वर्षं मला वाटत आलं, की काकांमुळे तुझं मन उडालं. जिन्यात ऐंशी वर्षांची बाई दम खात उभी राहिली आणि तेव्हा कुठे मला कळलं, की तुला काकांचं काही वाटलं नसणार. काका बाहेरचे होते. त्यांना मोटर दिसली की त्यांचं तोंड बंद होणार हे तुला माहीत होतं. डबा मात्र घरातच उघडला गेला होता, आणि वर तोंडावर खोटं ऐकायला मिळालं होतं. मला याचा फार त्रास होतो आहे, आई. लाज वाटते.

कॅल्क्युलेटरचे पैसे कुठून आले तेही मला नंतर कळलं, तुझ्या दिवसांत. तुझ्या ऑफिसातल्या एक मैत्रीण भेटायला आल्या होत्या, त्या बोलता बोलता म्हणाल्या, की तू त्या वर्षी तीन महिने त्यांच्या वाट्याची सुट्टीच्या दिवसांची जादा ड्यूटी केली होतीस, मुलाला काहीतरी यंत्र घ्यायचंय म्हणून. त्या रडत होत्या, मीही रडत होतो. सगळ्यांना वाटलं तू गेलीस म्हणून रडतो आहे.

या वर्षीपासून बायराट मी आहे. दुसरं कोणी तयारच नव्हतं. काल एकतीस डिसेंबर होता. दुपारी तीन वाजता बाईंच्या घरून किल्ली, काठी आणि वही घेतली, खाली गेलो, झाकण उघडलं, काठी बुडवली. एकसष्ट सेंटिमीटर. वहीत विसावी ओळ लिहिली. विजेरी काखेत धरून वर येत होतो तर पहिल्या मजल्यावर नव्याने राहायला आलेलं जोडपं खाली येत होतं, हातात संध्याकाळच्या फटाक्यांची पिशवी. दोघांनी आधी काठीकडे बघितलं, मग वहीकडे, मग माझ्याकडे. मला ते बघणं आतून ओळखीचं आहे. मी आपणहून म्हणालो, तेल मोजत होतो, या, दाखवतो, दोन मिनिटांचं काम आहे. ते "नाइन, नाइन", नको नको, म्हणत हसले आणि बाजूने निघून गेले. दारापाशी पोचल्यावर त्यांच्यातली ती हळूच काहीतरी बोलली. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि मी जिन्यातच उभा राहिलो. वाटलं, धावत जाऊन त्यांना हाताला धरून खाली न्यावं. तुलाही गच्चीवर असंच वाटलं असेल.

आज सकाळी टेबलावर वही उघडून बसलो आणि लिटरांचा गुणाकार करायच्या ऐवजी हे लिहीत बसलो. कोणत्या पत्त्यावर पाठवणार, तेव्हा हे वहीच्या शेवटच्या पानांतच राहील. वही बंद करून रबर लावतो आहे, तीन वेढे. तू विचारलं होतंस ना, मोजलेस का रे म्हणून. मोजले होते, आई. दोनदा मोजले होते.